पॅटर्न नसताना थ्रीडी प्रिंट केलेल्या वाळूच्या साच्यात पंपाचं केसिंग ओतता येईल का?

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं: जुन्या पंपाचं बिडाचं केसिंग (बाहेरचं कवच) आहे, पॅटर्न (ज्याभोवती वाळू भरून साचा करतात तो नमुना) शिल्लक नाही, नग पाच-सहाच हवेत. केसिंग स्कॅन करून थेट वाळूचा साचा छापून घेतला, तर तो रसाला (वितळलेल्या धातूला) टिकेल का आणि परवडेल का, हे तुम्हाला हवंय.

टिकतो. ती काळजी सोडा. वाळू तीच सिलिका आणि ती चिकटवणारी राळ बहुतेक ठिकाणी तीच फ्युरान, नो-बेक (न भाजता घट्ट होणाऱ्या वाळूच्या) मोल्डिंगमध्ये वर्षानुवर्षं चालत आलेली. फरक आकार देण्यात आहे. आम्ल चोळलेल्या वाळूचा पाव ते अर्धा मिलिमीटर थर पसरतात, इंकजेटसारखं हेड हवं तिथेच राळेचे थेंब टाकतं, मग त्यावर पुढचा थर. एमआयटीत एमॅन्युएल सॅक्स आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता, म्हणजे काल-परवाची गोष्ट नाही.

परवडण्याचं गणित सरळ आहे. पॅटर्नचा खर्च एकदाच येतो आणि नगांवर वाटला जातो. छापलेल्या साच्यात पहिला नग जेवढ्याला पडतो, सहावाही जवळपास तेवढ्यालाच. शेकड्यात नग असते तर मी तुम्हाला गुपचूप पॅटर्नमेकरकडे पाठवलं असतं. पाच-सहा नगांना छापणं योग्य आहे, पण माझं मत विचाराल तर अख्खा साचा छापू नका. फक्त कोअर छापा, म्हणजे आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा.

कारण असं की यंत्रावरच्या पेटीतली जागा विकली जाते. साच्याच्या जाड भिंतींसाठी त्या जागेचे पैसे मोजण्यात अर्थ नाही. केसिंगचा बाहेरचा आकार तसा भोळा असतो. थर्मोकोल किंवा एमडीएफचा कामचलाऊ पॅटर्न सीएनसीवर काढून नो-बेकमध्ये कोप आणि ड्रॅग (साच्याचा वरचा आणि खालचा अर्धा) भरता येतात. खरी डोकेदुखी आतल्या शंखाकार वाटेच्या कोअरची. कोअर बॉक्सने (ज्यात वाळू भरून कोअर काढतात त्या पेटीने) करायचा तर तो दोन-तीन तुकड्यांत होतो, तुकडे चिकटवताना सांधा हलतो, मग केसिंगची भिंत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ. छापलेला कोअर अखंड येतो. बॉक्समधून काढायचा नसल्यामुळे ड्राफ्टही (सहज सुटावा म्हणून बाजूंना दिलेला उतार) लागत नाही. पैसे मोजायचे ते यासाठी.

स्कॅनबद्दल सावध राहा. स्कॅनर तुमच्यासमोर असलेला पंप मोजतो: झिजलेला, मशीनिंग झालेला आणि थंड. फाइल तशीच पाठवली तर सहाही नग लहान येतील. बिडाला साधारण १ टक्का आकुंचन धरा (पोलादाला २ टक्क्यांच्या आसपास धरतात), फ्लँज आणि बेअरिंगच्या जागी मशीनिंगसाठी ३-४ मिमी जाडी वाढवा आणि झिजलेल्या कडा मूळ कशा असाव्यात हे डोकं वापरून भरून काढा. या कामाला छपाईपेक्षा जास्त वेळ लागतो, हे कोणी आधी सांगत नाही.

आता गॅस. इथे मी स्वतः तोंडघशी पडलोय. आमचा पहिला छापलेला कोअर एका व्हॉल्व्ह बॉडीचा होता. देखणा आला, सगळे हात लावून बघत होते. ओतला आणि मशीनिंगला गेल्यावर वरच्या अंगाला ब्लो होल्सची (अडकलेल्या गॅसच्या भोकांची) रांग. कोअर आम्ही भरीव छापला होता. बिडाचा रस १३५०-१४०० अंशांना येतो, राळ जळते, गॅस होतो, आणि त्याला जायला वाट नसेल तर तो रसातूनच वर येतो. हाताने कोअर भरणारा माणूस सवयीने सळई खुपसून व्हेंट, म्हणजे गॅसची वाट, काढतो. आमच्या सीएडीवाल्याला ती सवय नव्हती आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. शिवाय छापलेल्या कोअरमध्ये राळेचं प्रमाण हाताने भरलेल्यापेक्षा बरेचदा जास्त असतं. दुसऱ्या वेळी कोअर आतून पोकळ ठेवला, पोकळी कोअर प्रिंटमधून बाहेर काढली आणि रांग गेली. (कोअर प्रिंट म्हणजे कोअर साच्यात टेकतो तो भाग, छापलेला कोअर नव्हे. या शब्दावरून आमच्याकडे एकदा भलतंच ड्रॉइंग गेलं होतं.)

पोकळी काढताना एक बघा: आतली न चिकटलेली वाळू बाहेर कुठून येणार? ती सुटी असते, पण कोरड्या वाळूसारखी झरझर वाहत नाही, आम्लामुळे किंचित ओलसर राहते. वळणाच्या अरुंद वाटेत ब्रश आणि व्हॅक्युम पोचला नाही तर ती तिथेच बसते. व्हेंटमध्ये राहिली तर व्हेंट बंद, रनरमध्ये (साच्यात रस नेणाऱ्या वाटेत) राहिली तर कास्टिंगमध्ये. वाट सरळ ठेवा, दोन्हीकडून उघडी ठेवा आणि ओतण्याआधी आत दिवा मारून बघा.

कोटिंग टाळू नका. छापलेली वाळू ठोकलेली नसते, त्यामुळे कण विरळ बसतात आणि रस फटींत शिरतो. झिरकॉन किंवा ग्रॅफाइटचा वॉश द्या आणि पुरता सुकवा. जाड भागांत कास्टिंगवर शिरांसारख्या रेषा उठल्या तर घाबरू नका. सिलिका ५७३ अंशांना एकदम फुगते, कोअरला तडा जातो आणि त्यात रस शिरतो. पाण्याच्या वाटेत त्या रेषा चालत नाहीत आणि आत ग्राइंडर पोचत नाही, म्हणून तेवढा कोअर क्रोमाइट किंवा सिरॅमिक वाळूत छापून मिळतो का ते विचारा.

पुढेमागे हेच केसिंग ॲल्युमिनियममध्ये करायची वेळ आली तर हा कोअर तसाच वापरू नका. सातशे-साडेसातशे अंशांच्या रसाने आतली राळ नीट जळत नाही, कोअर घट्ट राहतो आणि तो शंखातून फोडून काढताना केसिंगच फुटायची भीती.

छपाईवाल्याला फाइल पाठवताना तीन गोष्टी लेखी मागा: वाळूचा प्रकार, नमुना पट्टीची बेंडिंग स्ट्रेंग्थ (वाकवताना किती जोर सोसते ते) आणि जळून जाणाऱ्या अंशाची टक्केवारी, म्हणजेच एलओआय. आणि पहिला कोअर आला की लगेच ओतू नका. एक जादा मागवून करवतीने मधोमध कापा आणि आतली वाट मोकळी आहे का ते बघा.