तोंडानं कधी म्हणत नाहीत, मग प्रेम आहे का नाही हे ओळखायचं कसं?

"मॅडम, ह्यांचं माझ्यावर प्रेमच नाही." लातूरला समुपदेशनाचं काम करताना हे वाक्य मला सारखं ऐकायला मिळतं. पण मागच्या हिवाळ्यात आलेल्या एका ताईंची गोष्ट सांगावीशी वाटतेय, त्यांना विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

ताई उदगीरकडच्या, वय तिशीच्या आतलं, पतसंस्थेत कॅशियर. नवऱ्याचं मोटार वायंडिंगचं दुकान, थोडी शेती, घरात सासू. लग्नाला पाच वर्षं झालेली. तक्रार एकच. "मारणं नाही, दारू नाही, तसलं काहीच नाही मॅडम, पण पाच वर्षांत एकदा बी तोंडानं म्हणले नाहीत. ॲनिव्हर्सरीला सगळ्यांचे नवरे स्टेटस ठेवतात, आमच्या ह्यांच्या स्टेटसला दुकानाची जाहिरात. मी सरळ इचारलं, माझ्यावर प्रेम हाय का नाही? तर म्हणायलेत, काय खुळ्यावानी बोलायलीस, भूक लागलीय, वाढ." एवढं सांगून त्या रडायलाच लागल्या.

माहेरी बोलल्या तर आईनं गप्प केलेलं, खाऊनपिऊन सुखी आहेस, अजून काय पाहिजे म्हणून. मला हे उत्तर अजिबात पटत नाही. आपण कुणाला तरी हवे आहोत हे ऐकावंसं वाटणं यात खुळेपणा काहीच नाही. पण त्यांना माझ्याकडून 'आहे' किंवा 'नाही' असं एका शब्दात पाहिजे होतं आणि ते मी ज्या माणसाला बघितलंही नाही त्याच्याबद्दल कसं सांगणार? मग म्हणलं एक साधी वही घ्या आणि महिनाभर लिहा, दिवसभरात ते काय बोलले आणि काय केलं. अट एकच, कॅमेऱ्यात दिसलं असतं तेवढंच लिहायचं. 'दुर्लक्ष केलं' असं नाही लिहायचं, 'मी बोलत होते, ते मोबाईल बघत होते, मान वर केली नाही' असं लिहायचं. चांगलं वाईट दोन्ही.

वही आली तेव्हा मी ती त्यांनाच मोठ्यानं वाचायला लावली. ताईंना थायरॉईड आहे, गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची आणि चहा निदान अर्ध्या तासानं. तर जवळपास रोजच्या पानावर एक ओळ, 'धार काढायला जाताना गोळी आणि तांब्या उशाशी ठेवला.' आणि सासूबाई लवकर चहा घेऊन आल्या की, 'आई, अजून टाइम झाला नाही तिचा.' हे ताईंनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, पण वाचताना पहिल्यांदाच थांबल्या, म्हणल्या, अगोबाई हे तर मी मोजलंच नव्हतं. मग वेळ अमावस्येचं पान आलं. आपल्याकडं लातूर धाराशिवला त्या दिवशी घरातल्या बाईची काय तारांबळ असते ते सांगायला नको, भज्जी, आंबील, उंडे, धपाटे, सगळं बांधून शेतात कडब्याच्या कोपीपाशी (झोपडीपाशी) पूजेला वेळेवर पोचायचं. त्या पहाटे हा माणूस उठून तुरीच्या आणि वाटाण्याच्या शेंगा सोलत बसला, आईसमोर. आई म्हणली हे काय बायकांचं काम करायलास, तर हा म्हणला, ती रात्री बारापर्यंत पतसंस्थेचं टॅली करत होती. बास, एवढंच. आपल्या भागात आईसमोर बायकोच्या कामाला हात लावणं आणि वर तिची बाजू सांगणं, हे गड्याला किती जड जातं ते इथं राहणाऱ्यालाच कळेल.

अजून एक नोंद होती ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. दुकानाची उधारी थकली आणि सोसायटीचं कर्ज भरायचं राहिलं तेव्हा त्यांनी उधारीची वही आणि बँकेचा कागद दोन्ही ताईंपुढं ठेवले आणि म्हणले, बघ किती आहे ते, तुला माहीत पाहिजे. मराठवाड्यात शेतकऱ्यानं जीव दिल्यावर कितीतरी घरांत बायकोला कर्जाचा खरा आकडा तेव्हा कळतो, तोवर बिचारीला कुणी काही सांगितलेलंच नसतं. त्यामुळं जो माणूस पैशाचं वाईटसुद्धा लपवत नाही, तो बायकोला आपल्या बरोबरीची मानतो असं मी तरी धरते.

आता इथं घाई करायची नाही. 'कृतीतून प्रेम दिसतं' असं सगळेच म्हणतात, पण नुसत्या कृतीवर जाऊ नका. माझ्याकडं त्याच सुमारास दुसऱ्या एक ताई येत होत्या. त्यांचा नवरा रोज त्यांना गाडीवर कामाला सोडायचा आणि न्यायचा, शेजारणी म्हणायच्या नशीब काढलंस. खरं काय तर त्या कुणाशी बोलतात हे बघायला तो यायचा. त्या म्हणल्या आज मैत्रिणीबरोबर एसटीनं येते, तर संध्याकाळी फोन तपासला, रात्री भांडण. पहिल्या ताईंच्या वहीतपण 'बाईकवर सोडलं' अशा नोंदी होत्याच, पण एसटी चुकली की. आणि 'आज नको, मी रिक्षानं जाते' म्हणल्यावर 'बरं' म्हणून ते दुकानाकडं वळले होते. वरून बघितलं तर दोन्ही नवरे सारखंच करायलेत. म्हणून मी विचारते, तुमच्या गरजेनुसार तो वागतो का त्याच्या धाकधुकीनुसार? तुम्ही 'नको' म्हणल्यावर काय होतं? 'नको' ऐकल्यावरचं वागणं आठवा, मला तरी सगळ्यात जास्त त्यातूनच कळतं.

आणि 'नको' म्हणल्यावर धाक, शिवीगाळ, हात उगारणं, पगार काढून घेणं असलं काही होत असेल तर वही बिही बाजूला ठेवा. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मारहाणीइतकाच मानसिक आणि पैशाचा छळही येतो, महिला हेल्पलाइन 181 आहे, तातडीला 112. नुसतं मन मोकळं करायचं असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे. त्या दुसऱ्या ताईंना मी 181 कडंच पाठवलं.

पहिल्या ताईंच्या वहीत सगळं गोड नव्हतं बरं का. 'मी बोलत होते, त्यांनी मान वर केली नाही' ही ओळपण वरचेवर होती. म्हणून नवऱ्याला बोलवून घेतलं. आला, हाताला वार्निशचे डाग, खुर्चीच्या कडेवर बसला. म्हणला, "मॅडम, बोलून काय करायचं, करतो की सगळं." मी म्हणलं भाऊ, करता ते खरंय, वहीत लिहिलंय, पण ती ऑफिसातलं काही सांगते तेव्हा तुम्ही कुठं असता? मग त्यांना गॉटमनचा अभ्यास सांगितला. जॉन गॉटमन हे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ, त्यांनी नवीन लग्न झालेल्या जोडप्यांचं निरीक्षण केलं आणि सहा वर्षांनी परत चौकशी केली. 'बघ, बाहेर पक्षी किती छान आहे' असलं एकानं काही म्हणलं तर दुसरा लक्ष देतो का, एवढी बारीक गोष्ट ते बघत होते. एकत्र टिकलेली जोडपी 86 टक्क्यांच्या आसपास वेळा प्रतिसाद देत होती आणि मोडलेली फक्त 33 टक्के. भाऊ गप्प बसून ऐकत होते, मग म्हणले, म्हणजे नुसतं 'हं' म्हणून भागत नाही. म्हणलं नाही भागत.

त्यांना 'आय लव्ह यू' म्हणायला मी लावलं नाही, ते त्यांच्या तोंडात बसणारही नाही. ठरलं एवढंच, दुकान बंद करून आल्यावर मोबाईल चार्जिंगला लावायचा आणि 'आज काय झालं' विचारून पूर्ण ऐकायचं. ताईंनीपण ठरवलं, मनातलं त्यांनी ओळखावं म्हणून वाट बघत बसायचं नाही, पाहिजे ते बोलून मागायचं. ॲनिव्हर्सरीला स्टेटस आलं का, तर नाही आलं, आणि ताई त्यावरून भांडल्यापण, मला फोन करून सांगितलं. पण आता प्रेम आहे का नाही हा प्रश्न त्या विचारत नाहीत, ह्यांना बोलतं कसं करावं हे विचारतात, आणि मला वाटतं खरा प्रश्न हाच होता.

परवा त्या धाकट्या बहिणीला घेऊन आल्या. तिचा साखरपुडा झालाय, मुलगा रोज फोनवर लई गोड बोलतो म्हणे. तिला बी.एड. करायचंय, तर विचारत होती हे आत्ताच सांगू का लग्न झाल्यावर. म्हणलं आत्ताच सांग, 'हो हो, कर की' असं तो म्हणेलच. पण सीईटीचा फॉर्म भरायची तारीख लग्नाच्या आधी आहे, तेव्हा कागदपत्रांचं विचारतो का, परीक्षेचा दिवस बघून लग्नाची खरेदी पुढं ढकलायला घरी बोलतो का, का 'नंतर बघू' म्हणतो, हे वहीत लिहून ठेव आणि लग्नपत्रिका छापायच्या आधी मला येऊन भेट.