चिखलात चोच, डोळे चौफेर
पाखरांविषयी वाचकांचे प्रश्न : या वेळी पाणलावा

प्रश्न : भातकापणीनंतर आमच्या खाचरात पाणलावे उतरतात. पुढे बांधाच्या कडेला पाणी असूनही ते दिसेनासे होतात. असं का? ते पिकाचं नुकसान करतात का? (मावळ)

उत्तर : पाणी पाहू नका, चिखल पाहा. पाणलावा चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत जेमतेम 25 ते 27 सेंटिमीटर, आणि त्यातली 6 ते 7 सेंटिमीटर नुसती चोच. ही चोच म्हणजे पहार नव्हे. तिचं टोक मऊ असतं आणि त्यावरच्या बारीक खळग्यांत स्पर्श ओळखणाऱ्या पेशी दाटीनं असतात. शिलाई मशीनच्या सुईसारखी चोच भराभर खुपसत पाखरू पुढे सरकतं आणि न दिसणारं गांडूळ नुसत्या स्पर्शानं हेरतं. बाकीची चोच मिटलेली ठेवून वरच्या चोचीचं फक्त टोक उचलता येतं, त्यामुळे लहानसहान भक्ष्य चोच बाहेर न काढताच गिळलं जातं.

एवढं नाजूक अवजार कडक जमिनीत चालत नाही. वरचा थर आवळला की गांडुळं खोल जातात आणि चोचही अडते. जुनी पेन्सिल दोन बोटांत धरून हलकेच दाबा. बोटभर सहज गेली तर पाणलावा तिथं टिकेल, अडली तर समजा तो गेला. खोल पाणीही त्याच्या कामाचं नाही, कारण पाय आखूड. खाचराचा एक कोपरा दोन-तीन सेंटिमीटर पाण्यानं ओला ठेवा, तिथली धसकटं जाळू नका, आणि कीटकनाशकाचं पाणी तिकडे उतरू देऊ नका. नाहीतर चिखल मऊ राहील, पण त्यात खायला काही उरणार नाही. नुकसानाचं म्हणाल तर काहीच नाही. गांडुळं, अळ्या, बारीक गोगलगायी आणि जोडीला थोड्या बिया, एवढंच त्याचं खाणं.

प्रश्न : साधा पाणलावा आणि पिनटेल पाणलावा कसे ओळखायचे? फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. (भिगवण)

उत्तर : बसलेल्या पाखरावरून पैज लावू नका. उडताना पंखाची मागची कड पाहा : ठळक पांढरी असेल तर साधा पाणलावा. पिनटेलला ती जवळजवळ नसते आणि त्याची पावलं शेपटीमागे जास्त बाहेर येतात. साधा पाणलावा ‘स्केप’ असं खरखरीत ओरडत नागमोडी पळतो. बसलेला असेल तर चोचीच्या मुळाशी पाहा. तिथं फिकी भुवई गडद डोळपट्टीपेक्षा रुंद असेल तर पिनटेलची शक्यता जास्त. कडेची टाचणीसारखी पिसं हे नावामागचं कारण, पण ती दिसायला शेपटी पूर्ण पसरलेली हवी. स्विन्होचा पाणलावा ही तिसरी जात पिनटेलशी इतकी जुळते की अशा वेळी वहीत ‘पिनटेल किंवा स्विन्हो’ लिहिणं हाच प्रामाणिकपणा.

(नेमबाज ‘स्नायपर’ हा शब्द याच पाखरावरून आला. अठराव्या शतकात हिंदुस्थानातले इंग्रज अधिकारी ‘स्नाइप’च्या, म्हणजे पाणलाव्याच्या शिकारीला जात. आज 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ही शिकार गुन्हा आहे.)

प्रश्न : पाणलावा बकरीसारखा ओरडतो असं वाचलं. आम्ही कधीच ऐकलं नाही. (नाशिक)

उत्तर : इथं ऐकू येणार नाही. तो गळ्याचा आवाज नाहीच. विणीच्या काळात नर उंचावरून सूर मारतो, तेव्हा शेपटीची कडेची दोन पिसं ताठ पसरून वाऱ्यात थरथरतात आणि त्यातून तो आवाज निघतो. फिनिश भाषेत या पाखराला ‘आभाळातली बकरी’ म्हणतात! त्याची वीण युरोप, सायबेरिया आणि आपल्याकडे काश्मीर-लडाखकडे होते. महाराष्ट्रात तो फक्त हिवाळी पाहुणा.

प्रश्न : तळ्याकाठी फिकट रंगाचा नर पाणलावा पिल्लं घेऊन फिरताना दिसला. मादी मेली असेल का? (सोलापूर)

उत्तर : नाही हो, मादी बहुधा दुसऱ्या नराच्या शोधात असेल. तुम्ही पाहिला तो रंगीत पाणलावा. नावात पाणलावा असला तरी त्याचं कूळ वेगळं, आणि तो बारमाही इथलाच. यात मादी अधिक झगझगीत : गळा-छाती तांबूस-काळपट, डोळ्याभोवती पांढरा चट्टा. संध्याकाळी साद घालते तीच. बहुधा चार अंडी घालून ती निघून जाते. उबवणं आणि पिल्लं सांभाळणं नराकडे. घरटं पाणवनस्पतींत, जवळजवळ जमिनीला टेकूनच असतं, म्हणून पावसाळ्यात काठच्या गवतात शिरू नका.

प्रश्न : पाणलावा नीट पाहायचा कसा? दरवेळी पायाखालून उडतो. (रायगड)

उत्तर : चालत जाऊन शोधता, तिथंच चुकतं. डोळे डोक्याच्या बाजूला आणि बरेच मागे असल्यानं चोच चिखलात असतानाही त्याला चहूकडचं दिसतं. धोका वाटला की आधी तो दबून बसतो. पाठीवरच्या पिवळसर रेघा वाळलेल्या गवतात मिसळून जातात, म्हणून तो तुम्हाला दिसतच नाही. उजाडायच्या आधी काठापासून 30-40 मीटरवर, सूर्य पाठीशी ठेवून बसा. अर्धा तास हालचाल नको. 8x42 ची (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण पुरते. गवत आणि चिखल जिथं भेटतात ती रेघ सावकाश धुंडाळा आणि पाखरू शोधण्याऐवजी वरखाली होणारी चोच शोधा.