गोळी सोड्याच्या बाटलीवरचा पत्ता

प्रश्न : महालातील आमच्या जुन्या घराचा माळा आवरताना एका लाकडी खोक्यात गोळी सोड्याच्या नऊ बाटल्या निघाल्या. आजोबांचा सोड्याचा छोटा कारखाना होता, एवढेच घरात ऐकिवात आहे. चार बाटल्यांवर इंग्रजीत नावाखाली 'नागपूर, सी. पी.' अशी अक्षरे आहेत, दोनांवर 'नागपूर, एम. पी.' आहे आणि तीन कोऱ्या आहेत. भंगारवाला सगळ्यांचे मिळून शंभर रुपये देतो म्हणाला; एक परिचित मात्र या इंग्रजांच्या काळातल्या असून हजारोंना जातील असे सांगतात. यांचे वय कसे ओळखावे आणि यांचे करावे काय?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : भंगारात तर मुळीच देऊ नका, आणि विकण्याचीही घाई करू नका.

या बाटलीची रचना हिराम कॉड या इंग्रज अभियंत्याची असून तिचे पेटंट त्याने 1872 च्या सुमारास घेतले. बाटली उलटी धरून भरली की आतली गोळी तोंडाशी येते आणि वायूचा दाब तिला गळ्यातील रबरी रिंगेवर घट्ट दाबून ठेवतो. वेगळे बूच लागतच नाही. आपली एक बाटली हातात घेऊन मान न्याहाळा. मानेखाली काच चिमटल्यासारखी आत गेलेली दिसेल आणि तिच्या एका बाजूला दोन खोलगट खळगे असतील. पिताना ती बाजू खाली ठेवली की गोळी खळग्यांत अडकून राहते आणि सोडा अडत नाही. खळगे वर ठेवून बाटली तोंडाला लावली, तर गोळी पुन्हा तोंडाशी येऊन बसते. लहानपणी आपल्यापैकी अनेकांची फजिती झाली, ती याचमुळे.

बाटलीवर कारखान्याचे नाव कोरून घेण्याची पद्धत मात्र हौसेची नव्हती. गिऱ्हाईक पैसे मोजत असे ते आतल्या सोड्याचे. बाटली कारखान्याच्याच मालकीची राही आणि रिकामी झाली की परत येई. दुसऱ्याने ती पळवून स्वतःचा माल भरू नये म्हणून नाव-गाव थेट साच्यातच घातले जाई. अशी बाटली फुटेपर्यंत फिरत राही, आणि आतला कंचा काढण्यासाठी तिचा बळी घेणारी मुले प्रत्येक मोहल्ल्यात होती. म्हणूनच हजारोंच्या संख्येने वापरल्या गेलेल्या बाटल्यांपैकी आज थोड्याच शिल्लक आहेत.

आपल्या खोक्यातील खरे मोल त्या दोन-दोन इंग्रजी अक्षरांत आहे. 'सी. पी.' म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, अर्थात मध्य प्रांत. तो 1861 मध्ये स्थापन झाला आणि नागपूर त्याची राजधानी होती. 1950 मध्ये मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले, तेव्हाही राजधानी नागपूरच राहिली. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि 1 मे 1960 पासून तो महाराष्ट्रात आहे. म्हणजे 'नागपूर, एम. पी.' हा पत्ता जेमतेम सहा-सात वर्षे खरा होता. परिचितांनी ज्यांना इंग्रजांच्या काळातल्या ठरवले, त्यांपैकी या दोन बाटल्या तर निश्चितच स्वातंत्र्यानंतरच्या आहेत, आणि माझ्या मते संग्राहकाच्या दृष्टीने त्याच अधिक दुर्मीळ ठराव्यात. साचा महाग असल्याने राज्य बदलल्यावरही जुन्याच साच्यातून काही काळ बाटल्या निघाल्या असण्याची शक्यता आहे, तेवढी सूट कालनिर्णयात ठेवावी.

'सी. पी.'च्या चार बाटल्यांचे बूड आणि बुडालगतचा भाग भिंगाखाली तपासावा. तेथे यॉर्कशायरमधील बार्न्सली या गावाचे नाव आढळले तर काच इंग्लंडहून आलेली समजावी; त्या गावातील काचकारखाने अशा बाटल्यांसाठी प्रसिद्ध होते. कामठीला 1821 पासून लष्करी छावणी होती आणि 1867 मध्ये मुंबईहून रेल्वे नागपूरपर्यंत पोचली, हे लक्षात घेतले म्हणजे सोड्याचे गिऱ्हाईक आणि जड काचेची वाहतूक या दोन्ही गोष्टी येथे कशा जमून आल्या ते कळते.

कोऱ्या तीन बाटल्यांविषयी सावध राहावे. अशा बाटल्या उत्तर प्रदेशातील सासनी येथे अगदी अलीकडेही तयार होत आल्या आहेत, त्यामुळे गोळी आहे म्हणून बाटली जुनी, असे समीकरण मांडता येत नाही. क्रेटमध्ये वर्षानुवर्षे घासली गेलेली बाटली खांद्यापाशी आणि बुडाच्या कडेला बारीक ओरखड्यांनी दुधट झालेली असते. नवी बाटली तेथे गुळगुळीत लागते.

आता काय करावे ते सांगतो. ठरावीक बाजारभाव या वस्तूंना नाही, त्यामुळे हजारोंच्या गोष्टींवर विसंबू नये. सर्वांत आधी घरातील वडीलधाऱ्यांना समोर बसवून कारखाना कोणत्या गल्लीत होता, सोडा भरायचे यंत्र कोण फिरवी, माल कोणकोणत्या बाजारांत जाई, हे सगळे तारखेसह लिहून घ्यावे आणि तो कागद बाटल्यांसोबतच ठेवावा. छोट्या कारखान्यांच्या वह्या-पावत्या बहुधा रद्दीत गेलेल्या असतात. आपल्या आजोबांच्या उद्योगाचा पुरावा म्हणून कदाचित याच नऊ बाटल्या उरल्या असतील. नऊच्या नऊ एकत्र ठेवाव्यात आणि ते लाकडी खोकेही टाकू नये.

प्रश्न : माझ्याकडील जुन्या सोडा बाटलीच्या आतून पांढुरका थर आला असून तो साबणाने जात नाही. ॲसिड वापरावे काय?
— एक वाचक, कामठी

उत्तर : ॲसिड वापरू नये. थर क्षारांचा असेल तर पाण्यात थोडा व्हिनेगर मिसळून रात्रभर भिजवल्यावर तो सुटेल. त्यानेही फरक पडला नाही, तर काचेचाच पृष्ठभाग दीर्घकाळच्या ओलाव्याने झिजला आहे असे समजावे. ते डाग नव्हेत आणि धुऊन जाणार नाहीत. काही विक्रेते आतून तेलाचा हात फिरवून हा दोष झाकतात, म्हणून विकत घेताना बाटलीत बोट घालून पाहावे. आपली बाटली कोमट पाण्याने धुऊन, गोळी मानेत अडकणार नाही अशा बेताने तिरपी ठेवून पूर्ण वाळवावी आणि पावसाळ्यात बंद कपाटात ठेवू नये.