कायदा-सल्ला : गॅलरीतला कुत्रा, मंडईतले मांजर

प्रश्न : आमच्या समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत एक लॅब्रॅडॉर कुत्रा गेले पाच महिने सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंत बांधलेला असतो. घरातील दोघेही नोकरीला जातात. साखळी इतकी आखूड आहे की ती घासून घासून फरशीवर गंजाचे अर्धवर्तुळ उमटले आहे. पाण्याचे भांडे दुपारपर्यंत उपडे झालेले असते. मालकांना विचारले तेव्हा ‘कुत्रा आमचा आहे, आम्ही बघू’ असे उत्तर मिळाले. पोलीस चौकीत ‘मारहाण होते का?’ असे विचारून आम्हाला परत पाठवण्यात आले. पाळीव प्राण्याच्या देखभालीचे काही किमान निकष कायद्यात आहेत की नाहीत? (एक वाचक, पुणे)

उत्तर : निकष आहेत, आणि चौकीत तुम्हाला विचारलेला प्रश्न अपुरा होता. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या अधिनियमातील कलम 3 नुसार, ज्याच्या ताब्यात किंवा देखभालीखाली प्राणी आहे अशा प्रत्येक व्यक्तीवर त्या प्राण्याच्या स्वास्थ्यासाठी सर्व वाजवी उपाय करण्याचे आणि त्याला अनावश्यक वेदना होऊ न देण्याचे कर्तव्य आहे. कलम 11 मध्ये मारहाण हा क्रूरतेचा केवळ एक प्रकार सांगितला आहे. अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे, नेहमी बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवून न आणणे, आणि मालक असूनही पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हे तिन्ही त्याच कलमात स्वतंत्रपणे नोंदलेले गुन्हे आहेत. तुमच्या पत्रातील वर्णन यांपैकी किमान दोहोंना लागू पडते.

अडचण ‘वाजवी’ या शब्दाची आहे. साखळी किती फूट असावी किंवा कुत्र्याला दिवसातून किती वेळा खाली न्यावे, हे या अधिनियमात कुठेही लिहिलेले नाही. प्रत्येक प्रकरणात ते पुराव्यावरून ठरवावे लागते. म्हणूनच तुम्ही सहज उल्लेखलेले गंजाचे अर्धवर्तुळ मला फार मोलाचे वाटते. त्या अर्धवर्तुळाची त्रिज्या म्हणजे त्या कुत्र्याला मिळालेली जागा, आणि अशी खूण एका दिवसात उमटत नाही. स्वतःच्या घरातून, तारीख आणि वेळ दिसेल अशा रीतीने, सकाळ-दुपार-रात्र असे आठवडाभर फोटो काढून ठेवावेत आणि उपडे भांडे व त्यावर येणारे ऊन हेही त्यांत यावे. ‘वाजवी’चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाच्या 7 मे 2014 च्या निकालाचा आधार घेता येतो. तो खटला तामिळनाडूतील जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यती यांविषयीचा होता, आणि शर्यतींबाबत कायदा पुढे बदलला. परंतु भूक व तहान, गैरसोय, वेदना व आजार, भीती यांपासून मुक्तता आणि स्वाभाविक वर्तनाची मोकळीक या पाच बाबी न्यायालयाने त्यात कलम 3 आणि 11 यांच्याशी जोडून वाचल्या.

आता कार्यपद्धतीविषयी. या कलमांखालील बहुतेक गुन्हे अदखलपात्र असल्यामुळे पोलीस सामान्यतः एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) नोंदवतात आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. तरीही तक्रार लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. कलम 34 नुसार, गुन्हा घडला किंवा घडत आहे असे मानण्यास कारण असल्यास, शिपायापेक्षा वरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी प्राणी ताब्यात घेऊन पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून त्याची तपासणी करवू शकतो. अर्जात या कलमाचा स्पष्ट उल्लेख करावा. तक्रारीची एक प्रत जिल्ह्याच्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक सोसायटीलाही द्यावी. खटला गुन्ह्याच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो (कलम 36), त्यामुळे पाच महिन्यांपूर्वीच्या आठवणींपेक्षा मागच्या आठवड्यातील फोटोंना महत्त्व आहे.

शिक्षेबद्दल तुमची निराशा होईल. पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड आहे. आज त्या रकमेत कुत्र्याच्या एका वेळच्या जेवणाचीही भ्रांत पडते. तीन वर्षांच्या आत पुन्हा गुन्हा केल्यास पंचवीस ते शंभर रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मालकांना खरी धास्ती वाटावी असे कलम 29 वे आहे. दोषी ठरलेल्या मालकाकडे प्राणी ठेवल्यास त्याचा पुन्हा छळ होण्याचा संभव आहे असे न्यायालयाला वाटले, तर त्याचा मालकी हक्कच काढून घेता येतो. माझा सल्ला असा की तक्रारीपूर्वी मालकांना ही कलमे उद्धृत करणारे एक सौम्य पत्र द्यावे. दोघेही नोकरी करणारे आहेत. दुपारी कुत्र्याला फिरवणारा माणूस ठेवणे त्यांना सुचलेलेच नसेल, अशीही शक्यता आहे.

प्रश्न : धाकट्या भावाची बदली झाली आहे. घरातील मांजर मासळी बाजारात सोडून येतो, तिथे तिला खायला मिळेल, असे तो म्हणतो. यात बेकायदेशीर काही आहे का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आहे. वाजवी कारणाशिवाय, उपासमार किंवा तहान यांमुळे प्राण्याला वेदना होण्याचा संभव असेल अशा स्थितीत त्याला सोडून देणे हाही कलम 11 खालील गुन्हा आहे. बाजारात मासळी असली तरी तिच्यावर तिथल्या मांजरांचा हक्क आधीच बसलेला असतो. ताटलीत दूधभात खाऊन वाढलेले मांजर त्या भांडणात टिकत नाही. बदली हे मांजर दुसऱ्याला देण्याचे कारण ठरू शकते, वाऱ्यावर सोडण्याचे नव्हे. ज्याला द्यायचे त्याच्याकडून साध्या कागदावर लिहून घ्यावे आणि लसीकरणाची वही सोबत द्यावी. तात्पुरते शेजाऱ्याकडे ठेवल्यास शेजाऱ्यावर कलम 3 चे कर्तव्य येते, परंतु भाऊ त्यातून सुटत नाही, कारण वाजवी काळजी व देखरेख ठेवण्यात कसूर करणारा मालकही कलम 11 नुसार दोषी मानला जातो.

प्रश्न : पाच आठवड्यांचे पिल्लू विकत घ्यावे का? विक्रेता ‘लहानपणीच लळा लागतो’ म्हणतो. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : घेऊ नये. श्वान प्रजनन व विपणन नियम, 2017 नुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. विक्रेत्याकडे राज्य प्राणी कल्याण मंडळाचे नोंदणी प्रमाणपत्र मागावे. ते नसल्यास आठ आठवड्यांचे पिल्लूही त्याच्याकडून घेऊ नये.