आधी चपलेची टाच बघा

प्रश्न : ताई, मी ४७ वर्षांची, अकाउंट्सचं काम, दिवसभर खुर्ची आणि कॉम्प्युटर. सहा महिने झाले योगा क्लास लावून. आमच्या मॅडम दर दोन मिनिटांनी म्हणतात 'शरीराकडे लक्ष द्या', आता लक्ष द्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं तेच कळत नाही, माझं सगळं लक्ष डब्याच्या भाजीकडे. शेजारची मुलगी पश्चिमोत्तानासनात कपाळ गुडघ्याला टेकवते, माझे हात नडगीच्या पुढे जात नाहीत, ओढूनताणून केलं की दुसऱ्या दिवशी कंबर धरते. आणि शवासनात मी चक्क घोरते म्हणे!
– एक वाचक, नाशिक

उत्तर : घोरण्याचं शेवटी बघू. आधी तुमची रोजची चप्पल उलटी करा, हो, आत्ताच, आणि बघा टाच कुठल्या बाजूने झिजलीये. बऱ्याच जणींची एका पायाची जास्त झिजलेली असते, कारण आपण एकाच पायावर भार टाकून उभ्या राहतो आणि वर्षानुवर्षं त्याचा पत्ताच नसतो. मॅडम म्हणतात ते लक्ष हेच. उद्या कुकरच्या शिट्ट्यांची वाट बघताना ओट्यापाशी अनवाणी उभ्या राहा, वजन टाचेवर आहे का चवड्यावर, गुडघे मागे ढकलून ताठ केलेत का, पोट ओट्याला टेकलंय का. लगेच काही सुधारायला जाऊ नका, तीन शिट्ट्या होईपर्यंत नुसतं बघा. ताडासन तरी दुसरं काय असतं, फक्त सोपं वाटतं म्हणून क्लासमध्ये आपण ते उरकून टाकतो.

आता ते पश्चिमोत्तानासन. बसून बसून मांडीच्या मागचे स्नायू आखडतात, त्यांचं वरचं टोक बैठकीच्या हाडाला जोडलेलं, त्यामुळे पाय लांब करून बसलं की ते त्या हाडाला खाली खेचून धरतात आणि मग तुम्ही खुब्यातून न वाकता कमरेतून वाकता. शेजारणीशी शर्यत लावली की बिल कमरेच्या नावाने फाटणारच! चादरीची जाड घडी करून तिच्या काठावर बसा, ओढणी तळपायांना अडकवून दोन्ही टोकं धरा, गुडघे थोडे वाकले तरी चालतील, श्वास सोडताना पोट मांडीकडे न्या, कपाळाचं विसरा. मांडीच्या मधोमध ताण आला तर ठीक, कमरेत किंवा गुडघ्याच्या मागे टोचलं की मागे या.

आणि ओढणी घेतली म्हणजे आपण कच्चं लिंबू असं वाटून घेऊ नका हं. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार लहानपणी आजारांनी खंगलेले होते, १९३७ मध्ये पुण्यात शिकवायला आले, पुढे पट्टे, विटा, लोड, दोऱ्या, साधी घडीची खुर्चीसुद्धा आसनासाठी वापरायला लागले. १९७५ मध्ये त्यांनी शिवाजीनगरला संस्था काढली आणि आज जगभरच्या योगा क्लासमध्ये त्या विटा नि पट्टे दिसतात.

एक मात्र ऐका, कमरेतून पायात कळ जात असेल, मुंग्या येत असतील किंवा पाय बधिर होत असेल तर वाकणं बंद आणि आधी ऑर्थोपेडिक डॉक्टर.

घोरण्याबद्दल : झोप कमी पडतेय तुमची, त्यात लाजायचं काय. तरी शवासनात जागं राहायचंच असेल तर एक हात कोपरातून उभा ठेवा, डुलकी लागली की तो धपकन पडेल.

प्रश्न : वय ६१, बीपीची गोळी चालू आहे. मित्र म्हणतो शीर्षासन कर, गोळी सुटेल. करू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मुळीच नको काका. बीपी असो की काचबिंदू, डोकं खाली पाय वर हा प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच, आणि गोळी तर त्यांनी सांगितल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका. सध्या जमिनीवर पाठ टेकून, पाय खुर्चीवर ठेवून दहा मिनिटं पडा, श्वास रोखू नका, आणि मित्राला विचारा त्याने स्वतःचं बीपी शेवटचं कधी मोजलं होतं.