बचत गटाने ग्रामसंघात जावं का? ग्रामसंघ गटासाठी नेमकं करतो काय?

तुम्ही विचारलंय की गट आमचा, बचत आमची, मग ग्रामसंघाला दर महिन्याला वर्गणी कशासाठी? ग्रामसंघ म्हणजे गावातल्या बचत गटांनी मिळून केलेला संघ. मी आमच्या ग्रामसंघाची लिपिका, म्हणजे वह्या लिहिणारी आहे, म्हणजेच वर्गणी घेणाऱ्यांच्याच बाजूची. हे लक्षात ठेवून वाचा.

नव्या गटांचं भांडण बहुधा पैशावरून होतं, म्हणून आधी तेच. 'उमेद' म्हणजे बचत गटांसाठीचं सरकारी अभियान; त्यात गटाला पहिल्यांदा मिळतो तो फिरता निधी. तो गटाचाच, ग्रामसंघाला परत करायचा नाही. फक्त गटात फिरता ठेवायचा, वाटून घ्यायचा नाही. (दिवाळीला वाटून मोकळे झालेले गटही आहेत.) त्यानंतरचा समुदाय गुंतवणूक निधी, म्हणजे आपण सगळ्या ज्याला 'सीआयएफ' म्हणतो तो, ग्रामसंघ गटाला कर्जाऊ देतो. बाई गटाला फेडते, गट ग्रामसंघाला. आलेला पैसा सरकारजमा होत नाही, गावातल्याच पुढच्या गटाला मिळतो. त्यामुळे एका गटाने हप्ते थकवले की दुसऱ्या गटातल्या बाईची शेळी घ्यायची राहते, आणि मग त्याच बाया थकवणाऱ्या गटाच्या दारात जाऊन बसतात. बँकेच्या नोटिशीने जे होत नाही ते अशाने होतं. व्याजात प्रत्येक पायरीवर थोडा फरक ठेवलेला असतो. तो आणि वर्गणी मिळून वह्या, प्रवास, बैठकांचा खर्च भागतो.

वह्या तपासणं हे काम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, पण माझ्या मते ग्रामसंघाचं मोल त्यातच आहे. एका गटाची रोकडवही बघत होते. वहीत शिल्लक २,३४० रुपये, पेटीत १,८४०. सगळ्या जणी गटाच्या सचिवताईंकडे बघायला लागल्या. विचारलं तर कळलं, एका सदस्येचं पोर रात्री तापलं म्हणून त्यांनी पाचशे रुपये दिले होते, ठराव लिहिलाच नव्हता. तिथेच ठराव लिहिला, सह्या घेतल्या, रक्कम तिच्या कर्जखात्याला टाकली. चहा होईस्तोवर मिटलं. हेच वर्षाने निघालं असतं तर 'सचिवने पैसे खाल्ले' म्हणून गट मोडला असता.

बँकेचंही तसंच. सहा महिने व्यवहार नियमित राहिले की गट कर्जाला पात्र ठरतो. पण गटाच्या दोघीच गेल्या की 'साहेब मीटिंगला गेलेत, सोमवारी या.' बँकसखी (बँकेच्या कामात गटांना मदत करणारी बाई) आणि ग्रामसंघाच्या अध्यक्षा चार-पाच गटांची प्रकरणं एकदम घेऊन गेल्या की साहेब सापडतात. ३ लाखांपर्यंतचं कर्ज वार्षिक ७ टक्क्यांनी मिळतं. मायक्रोफायनान्सवाल्यांचे हप्ते भरणाऱ्या बाईला यातला फरक सांगावा लागत नाही.

आता दुसरी बाजू. काही ग्रामसंघ नुसते वरचे निरोप पोचवतात. तालुक्याहून फोन येतो, मेळाव्याला पन्नास बाया पाठवा, फोटो टाका. पाठवल्या, टाकले, झालं काम. अध्यक्षा वर्षानुवर्षं तीच, आणि कर्ज तिच्या भावकीच्या गटांना आधी. केरळच्या कुटुंबश्रीत, म्हणजे तिथल्या सरकारच्या महिला गटांच्या अभियानात, १९९८ पासून गटांवर संघ, त्यावर मोठा संघ अशी तीन पायऱ्यांची रचना आहे आणि तिथे वरच्या पदांसाठी रीतसर निवडणूक होते. आपल्याकडे बरेचदा 'ताईच राहू दे' म्हणून टाळ्या वाजतात.

म्हणून सामील होण्याआधी ग्रामसंघाची इतिवृत्ताची वही मागा. सीआयएफ कोणत्या गटाला, कोणत्या ठरावाने दिला आणि परत किती आला, एवढं बघा. वही दाखवायला कां-कूं केली तर थोडं थांबा. दाखवली तर खुशाल जा, मात्र बैठकीला तुमच्या गटातून तोंड उघडणाऱ्या दोघी पाठवा, नुसत्या रिकामा वेळ असलेल्या नको. आणि वर्गणीची पावती दर महिन्याला घ्यायचीच, लिपिका कितीही ओळखीची असली तरी.