एचआरमध्ये नवीन आहेस, म्हणून सांगतो

सरकारी नियम बदलला की त्याचं पहिलं ओझं आपल्याच टेबलावर येतं. फ्रान्समध्ये 2017 पासून कामाची वेळ संपल्यावर ईमेल-फोनपासून दूर राहण्याचा हक्क लागू झाला. असं काही आलं की धोरण नव्याने लिहायला एचआरच बसतं. 2020 मध्ये घरून कामाचे नियम तर आपल्या लोकांनी धावता धावता लिहिले.

पण खरं अवघड राजकारण आतलं. फेररचना ठरली की एकाच माणसावर दोन साहेब हक्क सांगतात, दुसऱ्याला कोणीच मागत नाही. एकदा माझ्याकडे नोकरकपातीची यादी आली. कारणाच्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द, 'कामगिरी'. जुनी मूल्यमापनं काढली तर त्यातल्या दोघांना उत्तम शेरे! ती कागदपत्रं मी फक्त समोर ठेवली, बोललो काहीच नाही. दोन नावं गळली. (साहेब महिनाभर फुगून होते, तो भाग वेगळा.)

म्हणून साहेबांनी तुला तोंडी सूचना दिली, तर त्याच दिवशी त्यांना मेल टाक: 'आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे...' रोज कोणाच्या टेबलावर जेवतोस हेही लोक बघतात. आणि युनियन असेल तर तिला निर्णयाआधी बोलव, नंतर नाही.